डेबियन: मालक नसलेल्या प्रणालीची तीन दशके

डेबियन या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा १६ ऑगस्ट १९९३ रोजी झाली. ती करणारा इयान मर्डॉक तेव्हा वीस वर्षांचा होता आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशी दोघांची नावे जोडून त्याने हे नाव बनवले. आज डेबियन इंटरनेटवरील सर्व्हरांवर, प्रयोगशाळांत, सरकारी कचेऱ्यांत आणि घरगुती संगणकांवर चालते. तिच्यामागे कंपनी नाही, जाहिरातीचा खर्च नाही, गावोगाव फिरणारे विक्रेते नाहीत. ती फुकट मिळते हे खरे. पण लिनक्सवर आधारलेल्या इतर शेकडो प्रणालीही फुकटच मिळतात. त्यामुळे डेबियनच का निवडली जाते, याचे उत्तर किमतीत सापडत नाही. ते तिच्या घडणीच्या इतिहासात आहे.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. कर्नल म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामध्ये राहून प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांची वाटणी करणारा गाभा. नुसत्या गाभ्यावर काम भागत नाही. त्याला कंपायलर, संपादक, फाइली हाताळणाऱ्या आज्ञा, मुद्रणाची व्यवस्था अशी बरीच सामग्री लागते. यांतली पुष्कळशी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार झालेली होती. हे सगळे सुटे भाग एकत्र बांधून वापरायोग्य संच देण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांच्या संचांना डिस्ट्रिब्यूशन किंवा वितरण म्हटले जाऊ लागले. १९९२ मधले 'एसएलएस' हे अशा सुरुवातीच्या वितरणांपैकी सर्वांत प्रसिद्ध. मात्र त्यात चुका फार होत्या आणि दुरुस्तीकडे पुरेसे लक्ष दिले जात नव्हते. त्याच त्रासातून १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन वितरणे जन्मली आणि दोन्ही आजही चालू आहेत.

मर्डॉकचा आक्षेप एकट्या एसएलएसपुरता नव्हता. वितरण बांधणे हे किचकट, दुर्लक्षित आणि सतत देखभाल मागणारे काम आहे. ते एका माणसावर किंवा केवळ विक्रीसाठी बांधणाऱ्या व्यापाऱ्यावर सोडले तर त्याची आबाळ होते, असे त्याने डेबियनच्या जाहीरनाम्यात मांडले. कर्नल ज्या पद्धतीने अनेकांच्या हातून उघडपणे घडत होता, त्याच पद्धतीने वितरणही घडावे, अशी त्याची कल्पना होती. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नोव्हेंबर १९९४ ते नोव्हेंबर १९९५ असे वर्षभर या प्रकल्पाला आर्थिक पाठबळ दिले. त्यानंतर तो स्वयंसेवकांच्या बळावरच चालला.

इतक्या लोकांना एकमेकांच्या पायात न येता काम करता यावे, यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली, प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र 'पॅकेज' म्हणून बांधणे. पॅकेजमध्ये प्रोग्रामच्या फाइलींबरोबर त्याची माहितीही असते: आवृत्ती कोणती, चालण्यासाठी दुसरी कोणती पॅकेजे लागतात, कोणत्या पॅकेजशी त्याचे जमत नाही. हे पॅकेज बसवणारे आणि काढणारे साधन म्हणजे डीपीकेजी. दुसरी गोष्ट, प्रत्येक पॅकेजला नावानिशी जबाबदार माणूस नेमणे. मार्च १९९५ च्या आवृत्तीपर्यंत ही जबाबदारीची वाटणी स्पष्ट झाली होती. फाइली कुठे ठेवायच्या, मांडणी कशी करायची, याचे नियम पुढे 'डेबियन पॉलिसी' या दस्तऐवजात लिहिले गेले. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी बांधलेली हजारो पॅकेजे एका प्रणालीत सुखाने नांदतात, याचे श्रेय या नियमावलीला जाते.

डेबियनची १.० ही आवृत्ती कधी निघालीच नाही. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने चुकून अर्धवट अवस्थेतली प्रणाली '१.०' म्हणून विकायला काढली. गोंधळ टाळण्यासाठी प्रकल्पाने तो आकडाच सोडून दिला आणि १७ जून १९९६ रोजी १.१ ही आवृत्ती ४७४ पॅकेजांसह प्रसिद्ध केली. तिचे टोपणनाव 'बझ'. मर्डॉकनंतर प्रमुख झालेले ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत काम करत. त्यामुळे 'टॉय स्टोरी' चित्रपटातील पात्रांची नावे आवृत्त्यांना देण्याचा प्रघात पडला, तो आजही चालू आहे. जुलै १९९८ मध्ये २.० आली तेव्हा पॅकेजांची संख्या दीड हजारांवर आणि कार्यकर्त्यांची चारशेवर गेली होती.

त्या काळात लिनक्सवर नवा प्रोग्राम बसवणे जिकिरीचे असे. एक पॅकेज घ्यावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे, आणि शेवटी दोघांना एकाच गोष्टीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या असत. मार्च १९९९ मधील २.१ या आवृत्तीबरोबर आलेल्या 'एपीटी' या साधनाने ही कटकट मिटवली. हव्या त्या प्रोग्रामचे नाव दिले की एपीटी त्याला लागणारी सगळी पॅकेजे शोधते, नेटवरून किंवा सीडीवरून आणते आणि योग्य क्रमाने बसवते. संपूर्ण प्रणाली एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेण्याचे कामही त्यातून होते. डिस्क पुसून सगळे नव्याने बसवण्याची गरज उरली नाही. एकच यंत्र अनेक वर्षे आवृत्तीमागून आवृत्ती चढवत चालवता येऊ लागले. दूरच्या खोलीत ठेवलेले सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रशासकांना डेबियन आवडू लागली, त्यामागे हे पहिले मोठे कारण होते.

दुसरे कारण तांत्रिक नव्हते. ५ जुलै १९९७ रोजी प्रकल्पाने 'सामाजिक करार' मंजूर केला. पेरेन्स यांनी मसुदा केला आणि कार्यकर्त्यांनी महिनाभर ईमेलवर खल करून तो घासूनपुसून घेतला. डेबियन नेहमी मुक्तच राहील, केलेल्या सुधारणा मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला परत दिल्या जातील, दोष लपवले जाणार नाहीत, आणि वापरकर्ते व मुक्त सॉफ्टवेअर यांच्या हिताला अग्रक्रम राहील, अशी लेखी हमी त्यात होती. 'मुक्त' कशाला म्हणायचे याचे निकषही सोबत दिले होते: प्रोग्राम पुन्हा वाटण्याची आणि बदलण्याची मुभा हवी, मूळ संहिता उपलब्ध हवी, परवान्यात कोणत्याही व्यक्तीबाबत, गटाबाबत किंवा क्षेत्राबाबत भेदभाव नको. १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली तेव्हा तिने हेच निकष, त्यातले डेबियनचे उल्लेख वगळून, मुक्तस्रोताची व्याख्या म्हणून स्वीकारले.

हा करार कागदावर राहिला नाही. केडीई हा डेस्कटॉप क्यूटी या साधनसंचावर उभा होता आणि क्यूटीचा तेव्हाचा परवाना केडीईच्या परवान्याशी जुळत नव्हता. लोकप्रिय असूनही ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीईची पॅकेजे आपल्या भांडारातून काढून टाकली. २००० मध्ये क्यूटी केडीईला चालणाऱ्या जीपीएल या मुक्त परवान्याखाली आले, तेव्हा अडचण संपली आणि २००२ च्या ३.० या आवृत्तीत केडीई दाखल झाले. वापरकर्त्यांची यात गैरसोय झाली. पण डेबियनच्या मुख्य भांडारातले काहीही परवान्याची धास्ती न बाळगता वापरता, बदलता आणि वाटता येते, हा विश्वास बसला. विद्यापीठे, सरकारी खाती आणि स्वतःचे उत्पादन बांधणाऱ्या कंपन्या यांना या विश्वासाची किंमत फार आहे, कारण परवाने तपासण्याचे किचकट काम त्यांच्या वतीने आधीच झालेले असते.

कारभाराची रचनाही याच काळात ठरली. पैसा आणि नाव सांभाळण्यासाठी १९९७ मध्ये 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. १९९८ च्या अखेरीस प्रकल्पाने स्वतःची घटना स्वीकारली. तिच्यानुसार प्रमुखाची निवड दरवर्षी होते. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक जोडीची समोरासमोर तुलना करून निकाल लावला जातो. तांत्रिक वाद मिटवण्यासाठी स्वतंत्र समिती आहे आणि तिचा किंवा प्रमुखाचा निर्णयही सर्व सदस्यांच्या मतदानाने फिरवता येतो. सदस्यत्व पैसे भरून मिळत नाही. आधी काम दाखवावे लागते, नियमांची जाण सिद्ध करावी लागते आणि जुन्या सदस्याने ओळख पटवून नवख्याच्या डिजिटल किल्लीवर सही करावी लागते.

एखाद्या कंपनीच्या मर्जीवर चालणारी प्रणाली आणि ही प्रणाली यांतला फरक लोकांना दोनदा ठळकपणे जाणवला. रेड हॅट कंपनीने आपले फुकट मिळणारे 'रेड हॅट लिनक्स' बंद केले आणि त्याच्या ९ व्या आवृत्तीचा आधार एप्रिल २००४ मध्ये संपला. पुढे त्याच घराण्यातल्या सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ अखेरीसच संपणार असल्याचे जाहीर झाले. कंपनीच्या दृष्टीने हे व्यापारी निर्णय होते. ज्यांनी आपले सर्व्हर त्या भरवशावर उभे केले होते, त्यांना मात्र पर्याय शोधावे लागले आणि डेबियन हा त्यांतला एक प्रमुख पर्याय होता. डेबियन विकत घेता येत नाही, कारण तिला विकणारा मालक नाही. असाच निर्णय डेबियनमध्ये घ्यायचा तर तो आधी सदस्यांच्या गळी उतरवावा लागेल.

डेबियनची सर्वांत मोठी ख्याती स्थैर्याची. ती तिच्या तीन शाखांच्या व्यवस्थेतून आली आहे. नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' शाखेत येते. या शाखेचे नाव कायम 'सिड', म्हणजे 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा मुलगा. तिथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते 'टेस्टिंग' शाखेत सरकते. ही मधली शाखा २००० मध्ये सुरू झाली. ठरावीक काळानंतर टेस्टिंग गोठवली जाते: नवे काही घ्यायचे नाही, फक्त दोष काढायचे. गंभीर दोषांची यादी आटोक्यात आली की ती 'स्टेबल' म्हणून प्रसिद्ध होते. त्यानंतर तिच्यातल्या प्रोग्रामांच्या आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. सुरक्षेत छिद्र सापडले, तर नवी आवृत्ती आणण्याऐवजी तेवढीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत शिवली जाते. त्यामुळे आज चाललेली मांडणी उद्याच्या सुधारणेनंतरही तशीच चालते. बँकेचा, रुग्णालयाचा किंवा विद्यापीठाचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला नावीन्यापेक्षा हीच खात्री हवी असते. दोषांची नोंदवहीही सर्वांना खुली आहे. इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये तिची सुरुवात केली.

या स्थैर्याची किंमत डेबियनने वेळात मोजली. 'तयार होईल तेव्हा प्रसिद्ध होईल' या धोरणामुळे जुलै २००२ च्या ३.० नंतर ३.१ ही आवृत्ती यायला जून २००५ उजाडला. तोवर स्टेबलमधले प्रोग्राम इतके जुने झाले होते की नव्या यंत्रांवर ते बसवणेही अवघड जाई. नेमक्या याच पोकळीत मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने ऑक्टोबर २००४ मध्ये उबंटू आणले. डेबियनच्याच पॅकेजांवर उभी असलेली ही प्रणाली दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देऊ लागली आणि घरगुती वापरात लवकरच डेबियनच्या पुढे गेली. या अनुभवानंतर डेबियनचे वेळापत्रक सुधारले. २००५ पासून साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, आणि २०१४ पासून जुन्या आवृत्त्यांना दीर्घकालीन आधार देण्याची सोय झाल्याने एका आवृत्तीवर पाच वर्षे राहता येते.

उबंटूसारख्या शाखांमुळे डेबियन मागे पडली, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात अनेकांनी डेबियन निवडली ती दुसरी प्रणाली बांधण्यासाठी. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांचे नॉपिक्स सीडीवरून थेट चालत असे. डिस्कला हात न लावता लिनक्स पाहता येण्याची चैन अनेकांना प्रथम त्यातून मिळाली. गोपनीयतेसाठी वापरले जाणारे टेल्स आणि रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाची प्रणाली हीही डेबियनचीच अपत्ये. स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा या तुलनेने गरीब प्रांताने २००२ मध्ये शाळा आणि कचेऱ्यांसाठी डेबियनवरून 'लिनेक्स' तयार केले, आणि त्यातल्या प्रोग्रामांना प्रांतातील नामवंतांची नावे दिली. परवान्यांवर जाणारा पैसा यंत्रांवर आणि स्थानिक माणसांवर खर्च करावा, हा त्यामागचा हिशोब होता. म्युनिक शहराच्या 'लिमक्स' या प्रणालीचा पहिला पायाही डेबियनचाच होता. मात्र ती पुढे उबंटूवर गेली आणि २०१७ मध्ये शहराने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. म्हणजे सरकारी निवडीत तंत्राइतकेच राजकारणही असते.

भारतातही हाच मार्ग चोखाळला गेला. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स' अर्थात 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर बांधली. तिच्या विकासाचे काम मुख्यतः सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात झाले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत काम करता यावे असा तिचा हेतू होता. परकीय कंपनीच्या परवान्यावर अवलंबून न राहणे आणि संहिता स्वतः तपासता येणे, ही सरकारी निवडीची दोन कारणे. खुद्द डेबियनमध्येही मराठीला जागा मिळाली. फेब्रुवारी २००९ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत प्रणाली बसवण्याची प्रक्रिया ६३ भाषांत उपलब्ध होती आणि त्या खेपेला नव्याने आलेल्या पाच भाषांत मराठी होती. बाजारात किती ग्राहक मिळतील याचा हिशोब करणाऱ्या कंपनीने ज्या भाषा मागे ठेवल्या असत्या, त्या इथे केवळ भाषांतर करायला माणसे पुढे आली म्हणून आल्या. जगभरच्या कार्यकर्त्यांचे वार्षिक संमेलन 'डेबकॉन्फ' २००० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे सुरू झाले. ते भारतात प्रथम सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे भरले.

भाषांसारखेच यंत्रांच्या बाबतीतही घडले. २००२ च्या ३.० मध्ये अकरा प्रकारच्या यंत्ररचनांसाठी एकच प्रणाली उपलब्ध होती. त्यांत घरगुती पीसी होता आणि आयबीएमचा अवाढव्य मेनफ्रेमही. विक्रेत्यांनी सोडून दिलेली जुनी यंत्रे कामात ठेवण्यासाठी अनेकांनी डेबियन निवडली. अंतराळातही ती पोचली: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील काही लॅपटॉप २०१३ मध्ये विंडोज एक्सपीवरून डेबियन ६ वर नेण्यात आले. बिघाड झाला तर बाहेरच्या कोणाची वाट न पाहता तो स्वतः दुरुस्त करता यावा, ही तिथली गरज होती.

या इतिहासात डाग नाहीत असे नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाची तक्रार मिटवण्यासाठी काही ओळी काढल्या गेल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळपास नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजार शक्यताच उरल्या. हा दोष १३ मे २००८ रोजी उघड करण्यात आला आणि जगभरच्या डेबियन आणि उबंटू प्रशासकांना आपल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. मूळ प्रोग्राममध्ये स्वतःचे बदल करण्याच्या वितरणांच्या सवयीवर तेव्हा कडक टीका झाली. प्रकल्पाने दोष जाहीर केला आणि कमकुवत किल्ल्या ओळखण्याची साधने पुरवली. सामाजिक करारातले 'लपवणार नाही' हे वचन इथे कसाला लागले आणि पाळले गेले.

मतभेदही उघड्यावर झाले. संगणक सुरू होताना सेवा कोणी चालू करायच्या, या प्रश्नावर फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी स्वीकारले गेले. ज्यांना ते पटले नाही त्यांनी 'डेव्हुआन' नावाची वेगळी शाखा काढली. २०२२ मध्ये याहून मूलभूत प्रश्न आला. वायफायसारखे भाग चालवायला लागणारे फर्मवेअर बहुधा बंदिस्त असते. ते नसल्याने नव्या लॅपटॉपवर डेबियन बसवताना नवशिक्यांची अडचण होई. सदस्यांनी मतदान करून करारात बदल केला आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत येऊ लागले. तत्त्वाला मुरड घातली गेली, पण ती चर्चा करून, मतदान घेऊन आणि कराराचे कलम बदलून.

इयान मर्डॉक यांचे २८ डिसेंबर २०१५ रोजी निधन झाले आणि जून २०१७ ची ९ वी आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली. प्रकल्पाचे नेतृत्व त्यांनी १९९६ मध्येच सोडले होते. संस्थापकावाचून चालण्याची सवय डेबियनला तेव्हापासूनच आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या १३ व्या आवृत्तीत पॅकेजांची संख्या सत्तर हजारांच्या घरात गेली. अगदी नवे प्रोग्राम लागणारे, किंवा करारबद्ध सेवा देणारी कंपनी पाठीशी हवी असणारे, आजही दुसऱ्या प्रणाली निवडतात आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. डेबियन निवडणाऱ्यांची कारणे वेगवेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एक आहे: स्थैर्य, मुक्त परवाने, भाषा, जुन्या यंत्रांना मिळणारा आधार, हे सगळे निर्णय कोण घेतो आणि कोणत्या लेखी नियमांनी घेतो, यातून आलेले आहे. प्रोग्राम जवळपास सगळ्या वितरणांत तेच असतात. डेबियनचे वेगळेपण तिच्या कारभारात आहे आणि लोक निवडतात तो हा कारभार.